कान्हेरीच्या डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूंना पाणी कुठून मिळायचं?

पावसाचंच पाणी, आणि तेही तिथेच साठवलेलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या या बेसॉल्टच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. बहुतेक विहारांच्या दाराशेजारी खडकातच खोदलेलं टाकं दिसतं. वरच्या कातळावर पन्हळी कोरल्यात, त्यांतून पाणी टाक्यांत उतरतं. शिलालेखांत टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेखही आहेत. बरेच जण ३ नंबरच्या चैत्यगृहातल्या उंच बुद्धमूर्ती पाहून परततात. त्या सुंदरच आहेत, पण मला विचाराल तर पावसाळ्यात जा, घसरणार नाही अशी चप्पल घाला आणि कोरीव पायऱ्यांनी वरपर्यंत चढा. इतक्या शतकांनंतरही पाणी त्यांनी आखून दिलेल्या वाटेनं वाहताना बघून मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो.