पहिला चाकू घेताना लांबीआधी जाडी बघा

पहिलाच बुशक्राफ्ट चाकू, म्हणजे रानातल्या कामांसाठीचा चाकू, घेताय, मनात सहा इंची पातं, पाच मिलिमीटर जाडी आणि चामड्याचं म्यान आहे, वापर मुख्यतः सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला, आणि हात लहान आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत: हा चाकू घेऊ नका.

मीही सुरुवात अशाच जाड चाकूने केली होती. लाकूड फोडायला मजा यायची, पण कांदा कापायला गेलं की पातं पाचरीसारखं शिरायचं आणि कांदा मध्येच फाटायचा. मग दोन-तीन ट्रेकमध्ये चाकू नेमका कशाला बाहेर काढला, ते लिहून ठेवलं: भाजी, दोरी, ताडपत्रीसाठी खुंट्या तासणं, सुक्या काटकीची साल काढणं. जाड पात्याची गरज एकदाही पडली नव्हती. तुम्हीही घरातली एखादी साधी सुरी नीट म्यान करून न्या आणि अशी यादी करा. कुणाच्याही सल्ल्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

फांद्या तोडणं, बांबू फोडणं ही कामं आपल्याकडे कोयत्याची. गावच्या लोहाराने गाडीच्या कमानपट्ट्यातून घडवून नीट पाणी दिलेला कोयता त्या कामात कुठल्याही सहा इंची चाकूला मागे टाकतो. म्हणून चाकूवर ते ओझं टाकूच नका. चार इंचांच्या आसपास पातं आणि अडीच-तीन मिलिमीटर जाडी तुम्हाला पुरेल. स्वीडनचा मोरा कंपॅनियन साधारण याच मापाचा आहे. त्याचं पातं मुठीत शेवटपर्यंत जात नाही, त्यामुळे पात्याच्या पाठीवर ठोकून लाकूड फोडायला तो वापरू नये. पण शिकायला उत्तम. त्याची धार स्कँडी पद्धतीची, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेकच रुंद उतार. तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो, नवख्या हातालाही धार लावता येते.

पोलादाबद्दल: कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण ते गंजतंही पटकन. पावसाळ्यात ओल्या चामड्याच्या म्यानात एक रात्र राहिलं तरी सकाळी तांबूस डाग दिसतात. तुमच्या वापराला स्टेनलेस आणि तळाशी पाणी निघायला भोक असलेलं प्लास्टिकचं म्यान घ्या. स्टेनलेसने ठिणगी पाडताच येत नाही हा गैरसमज आहे. गारगोटीवर चकमक झाडायची तर कार्बन पोलाद हवं. पण फेरो रॉडला, म्हणजे खरवडल्यावर ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीला, कुठल्याही पात्याच्या पाठीची कड काटकोनी आणि तीक्ष्ण असली की पुरे.

आता ज्याकडे आपल्यापैकी बरेच जण दुर्लक्ष करतात ते. हरिश्चंद्रगड आणि वासोटा ही दोन्ही ठिकाणं अभयारण्यात येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकूही धरलाय, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. तिथे झाडं तोडणं आणि शेकोटीही नाही. त्यामुळे अशा ट्रेकला चाकू घरीच ठेवा. सराव करायचा तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात, त्याला विचारून, पडलेल्या लाकडावर करा. आणखी एक: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र कायद्याच्या परवान्यात येऊ शकतात, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे.

हात लहान असल्यामुळे मूठ ऑनलाइन फोटोवरून ठरवू नका. दुकानात म्यानासकट चाकू मुठीत घट्ट धरा. बोटांची टोकं तळव्यात रुतली तर मूठ बारीक आहे, अंगठा मधल्या बोटापर्यंत पोचतच नसेल तर जाड आहे. मग तसाच धरून पाच मिनिटं हवेत काटकी तासल्यासारखा हात चालवा. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ भरून आलं, तर तो चाकू कितीही आवडला तरी परत ठेवा.