केसांचं कर्ज आणि बाबांचा मेडिक्लेम

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३१, पगार हातात ५२ हजार, स्थळं बघणं सुरू. थोडक्यात असं: "कपाळावरचे केस मागे सरकत चाललेत. क्लिनिकने ट्रान्सप्लांटचं २ लाखांचं पॅकेज सांगितलंय. ४० हजार आधी, उरलेले १ लाख ६० हजार कर्जाने, व्याज १० टक्के, ८ हजारांचे २४ हप्ते. तुळशीच्या लग्नाआधी उरकायचंय. फिनास्टराइड आणि मिनॉक्सिडिल तीन महिने वापरलं, महिना हजार रुपये गेले, फरक शून्य. कर्ज घेऊ की एफडी मोडू? आधीचे ४० हजार तयार आहेत, कारण बाबांच्या मेडिक्लेमला यंदा गॅप घेतोय. ओळखीचा एजंट पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून देणार आहे. बाबा ६४ वर्षांचे, शुगर आहे, पण सात वर्षांत एकही क्लेम नाही. पॉलिसी पुढच्या महिन्यात संपते."

केसांचं नंतर बघू. मेडिक्लेमला गॅप हा प्रकारच नसतो. पोर्ट करायला पॉलिसी चालू लागते आणि अर्ज ती संपण्याच्या साधारण दीड महिना आधी द्यावा लागतो. संपलेली पॉलिसी पोर्ट होत नाही, बाबांना कोरी नवीच घ्यावी लागेल. म्हणजे शुगर आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ, ज्यात त्यांचा क्लेम मिळत नाही, तो पहिल्यापासून. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडता "तुम्ही आजार लपवला होता" म्हणून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. बाबांनी तो टप्पा दोन वर्षांपूर्वीच ओलांडलाय. तो हक्क जाईल, साठलेला नो-क्लेम बोनसही जाईल. आणि चौसष्टाव्या वर्षी शुगर असताना नवी कंपनी कोणत्या दराने घेईल, मुळात घेईल का, ते तिच्या मर्जीवर. मधल्या वर्षात अँजिओप्लास्टी करावी लागली तर दोन-तीन लाख तुमच्या खिशातून, आणि तेव्हा ट्रान्सप्लांटचे हप्ते चालूच असतील.

एजंटला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. जुनी पॉलिसी त्याच्याकडची आहे का, बघा. नसेल तर नवी त्याच्या कोडवर निघेल, म्हणजे कमिशन त्याचं, एवढं पुरे. मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांतला आजार धरत नाहीत. तेव्हा तेवढंही थांबू नका. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आधी प्रीमियम समजा ४२ हजार असेल, तर त्यात करच सहा-साडेसहा हजारांचा असायचा.

केसांवर मात्र १८ टक्के जीएसटी आहेच. जन्मजात दोष किंवा अपघात सोडला तर ट्रान्सप्लांट करमाफीत बसत नाही, मेडिक्लेममध्येही नाही. पॅकेज फोडून मागा. समजा २,८०० ग्राफ्ट (मुळासकट काढून लावलेले केसांचे पुंजके), ५० रुपयांनी १ लाख ४० हजार, कर धरून १ लाख ६५ हजार. मग उरलेले ३५ हजार कशाचे? बहुधा पीआरपीची, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लाझ्माची, इंजेक्शनं आणि बायोटिनच्या गोळ्या. पीआरपीचा पुरावा विस्कळीत आहे, आणि शरीरात कमतरता नसेल तर बायोटिन खाऊन केस येत नाहीत. १० टक्के व्याजही फ्लॅट आहे, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर; घटत्या शिलकीवर ते १८ टक्के पडतं. क्लिनिकला सगळे पैसे पहिल्याच दिवशी मिळतात. उद्या त्याने शटर ओढलं तरी हप्ते तुमचेच.

तुळशीच्या लग्नाचं तर विसराच. लावलेले केस पहिल्या महिना-दीड महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, पूर्ण चित्र दिसायला वर्ष लागतं. ऐन बघण्याच्या कार्यक्रमात डोकं आजच्यापेक्षा विरळ दिसण्याची शक्यता जास्त. आणि ट्रान्सप्लांटने औषध सुटत नाही. डोक्याच्या मागून काढून लावलेले केस टिकतात, पण आजूबाजूचे मूळचे केस गळत राहतात आणि मध्ये बेट उरतं. "एकदाचा खर्च" असं कोणी सांगितलं असेल, तर त्याने औषधाचे वर्षाचे १२ हजार हिशेबात धरले नाहीत.

औषध तुम्ही फार लवकर सोडलंत. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला केस उलट जास्त गळतात, निकाल सहा महिन्यांच्या आधी बघूच नये, खरं तर वर्षाने. फिनास्टराइडने काही थोड्या पुरुषांना लैंगिक त्रास होतो, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांशी आडपडदा न ठेवता बोला आणि त्यांच्या सांगण्यानेच पुन्हा सुरू करा.

कर्ज नको, एफडीलाही हात लावू नका. जे आठ हजार हप्त्याला देणार होतात, त्यातला एक हजार औषधाला, सात हजार आरडीत. दोन वर्षांत व्याजासह १ लाख ८० हजारांच्या आसपास होतील. तेव्हाही ट्रान्सप्लांट हवंसं वाटलं तर रोखीने करा, आणि प्रत्यक्ष हत्यार कोण धरणार आहे, त्याची पदवी कोणती, हे आधी विचारा.

४० हजारांतून प्रीमियम याच आठवड्यात भरा. नवा कागद हातात आला की एकच गोष्ट तपासा: पॉलिसी पहिल्यांदा सुरू झाल्याची सात वर्षांपूर्वीची तारीख त्यावर छापलेली आहे ना.