नॅनो म्हणजे सूक्ष्म नव्हे, अब्जांश

सोलापूरच्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारले आहे: उजेडाच्या मदतीने नॅनोचॅनलमधून, म्हणजे काही नॅनोमीटर रुंदीच्या वाटेतून, पाणी वाहवून वीज मिळवतात, त्यावर मुलांसाठी तक्ता करायचा आहे. 'सूक्ष्मवाहिनी' लिहिले तर चालेल का? आणि पाण्याचाही प्रवाह, विजेचाही प्रवाह, हा घोळ कसा सोडवायचा?

'सूक्ष्मवाहिनी' चालणार नाही, 'अब्जांश वाहिनी' लिहावे. नॅनोला सूक्ष्म म्हणण्याची ही सवय आता वर्तमानपत्रांपासून निबंधस्पर्धांपर्यंत पसरली आहे आणि ती साफ चूक आहे. मराठीत सूक्ष्म ही जागा मायक्रोने कधीच घेतली: सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मजीव. मायक्रो म्हणजे दशलक्षांश, नॅनो म्हणजे अब्जांश. दोहोंत हजारपटीचा फरक. साध्या सूक्ष्मदर्शकातून नॅनोचॅनलची रुंदी दिसतही नाही, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच 400 ते 700 नॅनोमीटर आहे.

इथे तर या हजारपटीवरच सारे यंत्र उभे आहे. वाहिनीची काचेची भिंत पाण्यात ऋणभारित होते. तिच्याजवळ पाण्यातल्या धन आयनांचा, म्हणजे धनभारित कणांचा, थर जमतो, आणि पाणी पुढे सरकले की तो भार सोबत वाहतो. तीच वीज. हा थर किती जाड, ते पाण्यातल्या क्षारांवर ठरते. लिटरमागे 58 मिलिग्रॅम मीठ असेल तर साधारण 10 नॅनोमीटर, 5.8 ग्रॅम असेल तर जेमतेम 1. वाहिनी या थराच्या मापाची असेल तरच आतले बहुतेक सगळे पाणी भार वाहून नेते. ती 10 मायक्रोमीटरची केली की मधले पाणी नुसतेच वाहते आणि विजेला माघारी जायला मोकळा रस्ता मिळतो. म्हणून प्रयोगाला बोअरचे पाणी घेऊ नये. त्यातल्या क्षारांनी थर आक्रसतो, शिवाय कॅल्शियम भिंतीला चिकटून तिचा भारच मारते. ऊर्ध्वपातित पाण्यात मोजून मीठ घालावे. इतके सांभाळूनही 2007 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांना पाणी ढकलणाऱ्या दाबाच्या ऊर्जेतले सुमारे 3 टक्केच विजेत उतरवता आले होते.

आता ज्या शब्दासाठी हा सगळा खटाटोप, तो अब्ज. अप् म्हणजे पाणी, ज म्हणजे जन्मलेले. पुढे मृदू व्यंजन आले म्हणून प् चा ब् झाला. अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेले: कमळ, शंख, आणि समुद्रमंथनातून वर आला म्हणून चंद्रसुद्धा. अमरकोशात चंद्राच्या नावांत 'अब्जो जैवातृकः सोमो' असे स्पष्ट दिले आहे. याच अप् पासून अब्धि म्हणजे समुद्र. अब्द म्हणजे पाणी देणारा, अर्थात ढग, आणि त्यावरून वर्ष. शताब्दीतले अब्द हेच. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या सोलापूर जिल्ह्याला वर्षाचे हे नाव समजावून सांगायला नको. फारसीतला आब याच कुळातला, म्हणजे पंजाब आणि गुलाबही नात्यातले.

अब्ज हे हिंदी 'अरब'चे मराठी रूप, असे ठामपणे सांगणारे जाणकार आहेत. त्यांनी लीलावती उघडावी. भास्कराचार्यांचा क्रम 'अर्बुदमब्जं खर्वनिखर्व' असा आहे. अरब आला अर्बुदावरून, आणि तिथे अर्बुद म्हणजे दहा कोटी, अब्ज म्हणजे शंभर कोटी. दोन शब्द शेजारी शेजारी उभे असताना एकाला दुसऱ्याचा अपभ्रंश कसे म्हणता येईल? त्याच ओळींत पुढे महापद्म आणि जलधी आहेत. माझे मत असे की मोजता मोजता आकडे डोळ्यांत मावेनासे झाले, तेव्हा आपल्या गणितींनी पाण्याकडे पाहून नावे ठेवली. अब्जाच्या लगेच पुढच्या खर्वचा संस्कृतात दुसरा अर्थ बुटका, आणि नॅनो ज्या ग्रीक 'नॅनोस'वरून आला त्याचाही अर्थ बुटकाच! पण म्हणून 'खर्वांश' करू नका, एक शून्य वाढेल.

पाण्यातून जन्मणाऱ्या विजेच्या मापाला अब्जांश म्हणायचे, याहून चपखल शब्द कुठला मिळणार? तक्त्यावर 'अब्जांश वाहिनी' लिहावे, खाली एकदा 'नॅनोचॅनल'. 'नॅनोनळी' नको, ती कार्बन नॅनोट्यूबसाठी, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या पोकळ नळीसाठी, राहू द्या.

यातल्या उजेडाच्या मदतीला 'सौरवीज' म्हणणेही चूक. उजेड इथे दोन कामे करतो. उष्णतेने वरच्या टोकाचे पाणी उडवतो, त्यामुळे खालचे ओढले जाते. सोलापुरी टॉवेलचे एक टोक बादलीत ठेवले की पाणी चढते, आणि दुसऱ्या टोकाला ऊन लागले की सतत चढत राहते, तसेच. दुसरे काम भिंत सिलिकॉनसारख्या अर्धवाहकाची असेल तरच होते: प्रकाशाने भार सुटे होतात आणि भिंतीचा भार वाढू शकतो. साध्या काचेतून उजेड आरपार जातो, तिथे हे दुसरे काम होतच नाही. म्हणून 'प्रकाशसाहाय्यित' म्हणावे.

प्रवाहाचे राहिलेच. पाण्याला प्रवाह, विजेला धारा. आठवीच्या पुस्तकातही धाराविद्युतच आहे. वाहत्या पाण्याने निर्माण होते ती प्रवाहजन्य धारा.