‘पेरते व्हा’ म्हणतो तो पावशा की चातक?

वाळपईजवळच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. मे महिना लागला की त्यांच्या घरामागच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पहाटे चारपासून एक पक्षी ओरडायला लागतो. सासूबाई म्हणतात तो चातक, शाळेत जाणारा मुलगा पुस्तक दाखवून म्हणतो पावशा. ‘मराठीत बरोबर काय? आणि तो म्हणे “पेरते व्हा” म्हणतो, तर हे कुठलं मराठी? सरळ “पेरा” का नाही?’ जाता जाता आणखी एक विचारलंय: बोंडल्याच्या अभयारण्यात त्यांना नवरंग पक्षी दिसला, त्या नावातला ‘नव’ म्हणजे नवा की नऊ?

मुलाचं बरोबर आहे. पहाटे झोपमोड करणारा तो पावशाच. पण सासूबाईंना चुकीचं ठरवायची घाई नको, त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे.

आधी पक्षी वेगळे करू. पावशा राखी रंगाचा, पोटावर आडवे फिकट पट्टे, शेपटीवरही पट्टे. उडताना हुबेहूब शिक्रा, त्यामुळे लहान पाखरं त्याला बघून कलकलाट करतात. तो वर्षभर इथेच असतो, पण थंडीत तोंड उघडत नाही. उन्हाळ्यात ओरडायला लागला की लोकांना वाटतं, आला. चातक दिसायला अगदी निराळा: वरून काळा, खालून पांढरा, पंखावर पांढरा ठिपका आणि डोक्यावर ऐटदार तुरा. तो मात्र खरोखर येतो, आफ्रिकेतून समुद्र ओलांडून, मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे. त्याचा आवाज ‘पियू पियू’ असा, धातूवर टिचकी मारल्यासारखा. गोव्यात चातक दिसतो, पण पावशासारखा रोज उठून कानावर पडत नाही. दोघेही कोकिळेच्या गोतातले, दोघेही अंडी घालतात ती सातभाईंच्या घरट्यात. पावसाशी दोघांचं नाव जोडलेलं, दोघांची पिल्लं त्याच बिचाऱ्या सातभाईंच्या गळ्यात. गोंधळ व्हायचाच.

आता शब्द. ‘चातक’ संस्कृतातून आला, मागणे, याचना करणे या अर्थाच्या ‘चत्’ धातूवरून. म्हणजे याचक. अमरकोशात त्याचीच आणखी दोन नावं आहेत, सारंग आणि स्तोकक. स्तोक म्हणजे थेंब, थोडंसं. थेंबाथेंबासाठी तोंड वासून बसलेला तो स्तोकक. हा पक्षी रानातला कमी आणि कल्पनेतला जास्त. जमिनीवरचं पाणी त्याला चालत नाही, ढगातलाच थेंब हवा, ही समजूत त्याला चिकटली आणि त्यातून ‘चातकासारखी वाट पाहणे’ आलं. ज्याने चातक जन्मात पाहिला नाही तोही एसटीची वाट चातकासारखी पाहतो. मग पावसाआधी जो जिवाच्या आकांताने ओरडेल तो चातक, असं सासूबाईंच्या पिढीने धरलं तर ते भाषेच्या अंगाने समजण्यासारखं आहे. सासूबाई पक्ष्याचं नाही, त्याच्या कामाचं नाव सांगत होत्या.

‘पावशा’ मात्र घरचा शब्द. पाऊस, त्याचं प्रत्ययाआधीचं रूप ‘पावस’, त्याला ‘या’ लागला आणि ‘स’चा ‘श’ झाला. मराठीत हे सतत होतं: पैसा पण पैशाला, मासा पण माशाचं कालवण, माणूस पण माणशी दहा रुपये. म्हणून ‘पावश्या’ असं जोडाक्षर देऊन लिहायची गरज नाही, ‘य’ त्या ‘श’मध्ये केव्हाच मुरलाय.

आणि आता ‘पेरते व्हा’, ज्यासाठी मी हा प्रश्न उचलला. ‘पेरा’ आणि ‘पेरते व्हा’ यांत फरक आहे. ‘पेरा’ ही एका कामाची आज्ञा. ‘पेरते व्हा’ म्हणजे पेरण्याच्या कामाला लागा, त्या अवस्थेत या. जुन्या पोथ्या-कहाण्यांत ‘राजा म्हणता झाला’, ‘ऋषी बोलता झाला’ असं येतं, त्यातलंच हे रूप. आज ते मोजक्याच ठिकाणी उरलंय. साहित्याच्या शिबिरात ‘लिहिते व्हा’ सांगतात, गप्प माणसाला आपण ‘बोलतं’ करतो, आणि दारातल्या नको असलेल्या माणसाला ‘चालते व्हा’ म्हणतो. त्याच घडणीचे शब्द, पण एकात आमंत्रण, दुसऱ्यात हकालपट्टी! शिवाय पावशा ‘व्हा’ म्हणतो, ‘हो’ नाही. सगळ्या गावाला उद्देशून आहे ते, आदराने.

अर्थात पक्षी काही म्हणत नसतो, ऐकणारा म्हणवून घेतो. तीन सुरांची हाक, मधल्यावर जोर, दर फेरीला पट्टी चढत जाते आणि टोकाला पोचली की एकदम बंद. त्याच तीन सुरांत हिंदी माणसाला ‘पी कहाँ’ ऐकू आलं, बंगाल्याला ‘चोख गेलो’, म्हणजे डोळे गेले, आणि साहेबाला डोक्यात शिरणारा ताप, ‘ब्रेन फीव्हर’. एकाला विरह, दुसऱ्याला दुखणं, तिसऱ्याला आजार. मराठी शेतकऱ्याला तेवढं काम ऐकू आलं.

आमच्या आजोबांना तर ते फारच मनावर घ्यायची सवय होती. 25 मेच्या सुमाराला रोहिणी लागतात, 7-8 जूनला मृग. त्या पंधरवड्यात घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची धांदल: अंगणात आमसुलांची सोलं वाळत, मिठात मुरवलेल्या कैऱ्यांची भांडी, माळ्यावर सुकं मासं बांधून ठेवलेलं. आजोबा सोप्यावर बसून तरव्याचं, म्हणजे भाताच्या रोपांसाठीचं बी निवडायचे. झाडीतून पावशाने तिसऱ्यांदा पट्टी चढवली की तोंड वर न करता म्हणायचे, ‘व्हतां रे, व्हतां.’ उत्तर पक्ष्याला, मराठी आज्ञेला आमच्या घरच्या बोलीत.

तेव्हा ताई, तुरा असलेला काळापांढरा दिसला तर चातक म्हणा, पहाटे ओरडणाऱ्याला पावशा म्हणा, आणि वाट मात्र पूर्वीसारखी चातकासारखीच बघा. ‘पावशासारखी वाट पाहिली’ असं कोणी लिहिलं तर मी स्वतः लाल पेन घेऊन येईन.

राहिला नवरंग. ‘नव’ म्हणजे नऊ, नवग्रह-नवरात्रातला. पावसाआधी रानाच्या कडेला सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ येते ती याची. तमिळमध्ये याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, आपण रंगावर गेलो. मी एकदा मोजायला बसलो: हिरवी पाठ, निळा पंख, बदामी पोट, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा, पांढरा गळा, तपकिरी डोकं, गुलाबी पाय. आठ झाले. नववा शोधेपर्यंत तो पाचोळ्यात टुणटुणत निघून गेला.