आई-वडील वेगवेगळ्या समाजातले असतील तर लहान मुलांना दोन्हीकडचं खाणं, रीतीभाती कशा शिकवाव्यात? मुलं गोंधळतात का?

नाही गोंधळत. आमचा साडेपाच वर्षांचा आहे, फुगे (नवऱ्याकडचे तळलेले गोल पाव) तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर खातो आणि वर सोलकढी मागतो.

मी लालबागची, मूळ मालवणकडची. नवरा गोराईचा ईस्ट इंडियन. बंगाली का म्हणून विचारू नका, माझ्या मामीने लग्नात विचारून झालंय. हे इथलेच मराठी बोलणारे ख्रिश्चन, १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी त्यांनी हे नाव घेतलं, कंपनी सरकारच्या नोकरीवरून.

तर मे महिन्यात दोन्ही घरी वर्षाचा मसाला. आधी आईबरोबर डंकावर, बेडगी, संकेश्वरी, धणे, दगडफूल सगळं भाजून नेलेलं, पोरगं शिंकून शिंकून लाल पण तिथून हलेना. मग आठवड्याने गोराईला. सासूबाई मसाल्यात गहू आणि चणाडाळ पण भाजून घालतात (माझी आई: "मसालो करतत की पीठ?") आणि कुटलेला मसाला बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात. गडद काच असते ना, उजेड लागत नाही, रंग टिकतो. म्हणून तर बाटली मसाला. ठासायचं काम पोराला मिळालं, तीन बाटल्या त्याच्या.

पुढे गौरीच्या दिवशी मामीकडे जेवायला बसलो. मामीने कौतुकाने विचारलं, आमचा मसाला आवडला का रे? हा म्हणतो, "मस्त आहे, पण तुमचा बरणीत का? तुम्ही बिअर पीत नाही?" मामा ताटात तोंड घालून हसतायत आणि मामी मला म्हणते, "बघ, मी सांगत होते, धड इकडचं ना तिकडचं, तिकडे काय काय खातात देवाला माहीत." आता समोर ताट गौरीच्या तिखट नैवेद्याचं, त्यात मटण! माझी पुण्याची मैत्रीण हे ऐकून अजून सावरली नाहीये. पण तेव्हा सणाचा दिवस म्हणून गप्प बसले, ते आज इथे लिहितेय.

कसं शिकवायचं म्हणाल तर मी बसवून काही शिकवलं नाही, हाताला काम दिलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नवीन भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. तिथून हा एक लोंबी खिशात घालून घेऊन आला. आमच्याकडे पण नवान्न पौर्णिमेला दाराला नवं बांधतात, ते त्याने गावी बघितलेलं, म्हणून सरळ आजीच्या लालबागच्या दाराला खोचली. आईने विचारलं कुठून आणलीस, म्हणाला चर्चमधून. ती काही बोलली नाही, आत जाऊन सुतळी आणली आणि नीट बांधली. मामीला फोटो पाठवलाय, निळी टिक आली, उत्तर नाही.

हां, मुलाला दमा वगैरे असेल तर डंकावर नेऊ नका, आमच्या पोराला तसं काही नाही. आणि आमच्या दोन्ही घरी मासे चालतात त्यामुळे निम्मं भांडण मुळातच नव्हतं, एक घर शाकाहारी असेल तर माझं उत्तर फार धरून बसू नका. बाप्तिस्मा की बारसं याचं काय ठरलं ते इथे लिहीत नाही, दोन्ही आज्यांना मराठी वाचता येतं.