वाचकांचे प्रश्न : सायकलींच्या गटात मागे पडले तर?

प्रश्न : माझे वय ४८ असून मी साताऱ्यातील एका सायकल क्लबाची सदस्य आहे. रविवारी पहाटे आम्ही लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपर्यंत जाऊन येतो. सोबतची तरुण मुले ‘काकू, पुढच्याच्या चाकाला चिकटून राहा, दम लागणार नाही’ असे सांगतात. पण मला त्याची भीती वाटते आणि मी मागे पडते. पुढच्या महिन्यात कासची राइड आहे. माझी सरळ हँडलची हायब्रिड सायकल बदलून रोड बाइक, म्हणजे पातळ टायरची वेगवान सायकल, घ्यावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सायकल बदलण्याची घाई करू नये. आपल्या पत्रावरून अडचण सायकलीची कमी आणि राइडच्या आखणीची अधिक दिसते.

मुलांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, मात्र ते अर्धेच आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो, आणि म्हणूनच ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्याला पुढच्या सायकलीच्या आडोशाचा मोठा फायदा मिळतो. आपला वेग ताशी पंधरा-सोळाच्या आसपास असेल, तर वाचणारे श्रम थोडे आणि पत्करलेला धोका मात्र पूर्ण राहतो. आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासले, तर तोल बहुधा मागच्याचाच जातो. पुढच्याला कित्येकदा केवळ धक्का जाणवतो. त्यामुळे आपली भीती रास्त आहे. पुढच्या सायकलीपासून निदान दोन सायकलींइतके अंतर ठेवावे, चाक तिच्या चाकाच्या बाजूला कधीही शिरू देऊ नये आणि नजर चाकावर न खिळवता पुढच्याच्या खांद्यांवरून दूर रस्त्यावर ठेवावी. खड्डा दिसताच पुढच्याने हात दाखवून ओरडून सांगणे आणि ते शेवटच्यापर्यंत पोहोचवणे ही सवय मात्र साऱ्या क्लबाने लावून घ्यायला हवी. उसाच्या हंगामात या भागातल्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागची ट्रॉली हेलकावे खाते, म्हणून तिच्या बगलेतून पुढे निघण्याचा मोह सर्वांनीच आवरावा.

आता मागे पडण्याविषयी. सर्वांत मंद सदस्याला दमछाक न होता जो वेग झेपतो, तोच सामूहिक राइडचा वेग असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांना शर्यत करायची आहे त्यांनी वेगळा गट करावा. एक अनुभवी सदस्य कायम सर्वांच्या शेवटी राहील आणि पंक्चरचे साहित्य त्याच्याकडे असेल, एवढी व्यवस्था आपण क्लबाकडे मागावी. ती मागण्यात संकोच कसला?

कासचा रस्ता लिंबच्या रस्त्यासारखा नाही. समर्थ मंदिराकडून शहर सोडताच यवतेश्वरचा घाट लागतो. तेथे वेग इतका उतरतो, की लढाई वाऱ्याशी नसून गुरुत्वाकर्षणाशी असते. कोणाच्याही मागे राहून काही वाचत नाही. म्हणून घाटात प्रत्येकाने आपल्या दमाने चढावे आणि माथ्यावर सर्वांनी एकत्र यावे. चढ पायांना जाणवण्याआधीच हलका गिअर टाकावा, कारण पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर साखळी अडखळते किंवा उतरते. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, तर वेग आपल्याला जास्त आहे असे समजावे. पाण्याचे घोट तहानेची वाट न पाहता घ्यावेत. खाण्यासाठी केळी किंवा शेंगदाण्याची चिक्की पुरेशी आहे. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते, तेव्हा राइड त्याच दिवसांत ठरली असेल तर उजाडताच निघावे.

बहुतेक जण चढाची चिंता करतात, आम्हाला मात्र परतीच्या उताराची अधिक वाटते. वळणाच्या आधीच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत आणि ते सतत दाबून न धरता थोडे दाबून सोडत राहावेत, म्हणजे रिम, म्हणजे चाकाची धातूची कडा, तापत नाही. रस्ता ओला असेल तर या कडेवर दाबणारे रिम ब्रेक उशिरा पकड घेतात. त्या दिवशी पुढच्या सायकलीपासूनचे अंतर आणखी वाढवावे.

सायकलीबाबत एवढेच करावे : टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत हवा भरावी आणि सीटची उंची तपासावी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिल्याने गुडघे दुखतात आणि जोरही वाया जातो. टायर जाड खाचांचे असतील, तर रोड बाइकच्या किमतीच्या अगदी लहान भागात गुळगुळीत टायर बसवून मिळतात.