ब्रिटिश पार्टनरकडे तीन आठवडे जायचंय, व्हिजिटर व्हिसाची फाइल कशी तयार करू?

तुझा प्रश्न वाचला आणि मला माझं २०२३ साल आठवलं. तुला अगंतुगंच करते, २६ वर्षांची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीएवढीच आहेस. तर तू लिहिलंयस त्याप्रमाणे तू गोव्यात मोरजीला एका होमस्टेत रिसेप्शनला, पगार २२ हजार, त्यातले निम्मे बँकेत आणि निम्मे हातात, पार्टनर ब्रिस्टलचा, जायचं-यायचं सगळं तोच भरणार, घरी 'मैत्रिणीबरोबर फिरायला जातेय' एवढंच सांगितलंय, आणि एजंट म्हणतोय बॉयफ्रेंड लिहू नको, नुसतं फ्रेंड लिही आणि खात्यात तीन-चार लाख दिसूदेत.

एजंटने सांगितलेल्या या दोन्ही गोष्टी मी केलेल्या आहेत. रिजेक्ट झाले.

मी फोंड्याची, कुंडईला एका कंपनीत अकाउंट्सला. तेव्हा पगार २६ हजार. अर्जाच्या दहा दिवस आधी बाबांनी एफडी मोडून माझ्या खात्यात सव्वातीन लाख टाकले, कारण आमचा एजंटपण म्हणाला की बॅलन्स बघतात. दिवसभर दुसऱ्यांची खाती जुळवणारी बाई मी, पण जिच्या खात्यात महिनाअखेरीला चार-साडेचार हजार उरतात तिच्याकडे एकदम सव्वातीन लाख आले तर बघणाऱ्याला खटकणारच, हे मला सुचलं नाही. त्यात नातं लिहिलं फ्रेंड आणि राहणार किती तर पाच महिने! सहा महिन्यांपर्यंत राहता येतं ना, मग फी भरतोच आहोत तर भरपूर मागून घेऊया, असा आमचा हिशोब. पत्र आलं त्याचं सार एवढंच की हा पैसा कुठून आला ते कळत नाही, पाच महिने रजा कोण देतं ते कळत नाही, नुसता मित्र एवढा खर्च का करतोय तेही कळत नाही, तेव्हा तू परत जाशील असं आम्हाला वाटत नाही. आधी रडले. रात्री जेवून परत वाचलं तेव्हा वाटलं, त्या माणसाच्या खुर्चीत मी असते तरी हेच लिहिलं असतं.

आपण काय समजतो की आपलं प्रेम खरंय हे दाखवायचंय. ते पुढे स्पाउस व्हिसाला. व्हिजिटरला त्यांना एकच बघायचं असतं, ही मुलगी सांगितलेल्या तारखेला परत विमानात बसणार की नाही. आणि पार्टनर तिथे असणं हे त्यांच्या नजरेत न परतायचं कारण, म्हणून एजंट लोक लपवायला सांगतात. पण लपत नाही गं. राहणार त्याच्या पत्त्यावर, तिकीट त्याचं, बँक स्टेटमेंट त्याचं, आणि म्हणे फ्रेंड. उलट नियमात असं आहे की तुझा खर्च दुसरा माणूस उचलू शकतो, पण त्याचं तुझ्याशी खरोखरचं नातं हवं आणि त्याला तो खर्च झेपायला हवा. म्हणजे नातं खरं लिहिलंस तरच त्याचे पैसे तुझ्या कामाचे. शिवाय खोटं पकडलं गेलं तर नुसत्या रिजेक्शनवर भागत नाही, फसवणूक म्हणून दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. आणि उद्या लग्न करून तिथे जायचं ठरलं तर त्या अर्जात लिहिणार की आमचं दोन वर्षांपासून नातं आहे, आणि जुन्या फॉर्मवर मात्र फ्रेंड. तेव्हा काय सांगणार?

घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ, मी त्यात पडत नाही. फॉर्मला मात्र आईबाबांची नावं आणि जन्मतारखा लागतात, तेवढ्या कुठल्यातरी निमित्ताने विचारून ठेव.

आता पैशाचं. तुझे २२ हजार कमी नाहीत, ते २२ हजारच दिसले पाहिजेत एवढंच. फॉर्ममध्ये महिन्याला कमावतेस किती, खर्च करतेस किती, ट्रिपला स्वतःचे किती आणि दुसरा किती देणार, सगळं विचारतात, आणि ते आकडे तुझ्या सहा महिन्यांच्या स्टेटमेंटशी ताडून बघतात. तुझ्या बाबतीत अडचण हातात मिळणाऱ्या पैशाची. आजपासून ते दर महिन्याला पगाराच्या दिवशी तितकेच बँकेत भर, एकदम गठ्ठा नको. मालकिणीकडून पत्र घे, त्यात पूर्ण पगार, बँकेत किती आणि रोख किती, कधीपासून कामाला आहेस, आणि किती तारखेपासून किती तारखेपर्यंत रजा दिलीय हे सगळं स्पष्ट पाहिजे. लेटरहेड, सही, फोन नंबर. रोख देतो असं लिहून द्यायला बऱ्याच मालकांना जिवावर येतं, तसं झालं तर पूर्ण पगारावर आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) भरायचाय असा तिच्याकडे विषय काढ, तुलाही तो भरलेला बरा, टॅक्स लागत नसला तरी.

तुझ्याकडे एक गोष्ट अशी आहे जी माझ्याकडे नव्हती, सीझन! पावसात मोरजीला असतं काय, किनाऱ्यावरचे शॅकसुद्धा मेअखेरीला उतरवून ठेवतात. तेव्हा जुलैमध्ये जा, आणि पत्रात मालकिणीला लिहू दे की ऑक्टोबरपासून सीझन, त्याआधी सप्टेंबरमध्ये खोल्यांची तयारी असते, आणि ही अमुक तारखेला कामावर हजर होणार. तीन आठवडेच का आणि आत्ताच का, याचं उत्तर त्यात आपोआप येतं. मी दुसऱ्या वेळेला पाच महिन्यांचे २४ दिवस केले आणि कव्हर लेटरमध्ये चवथ (गणेश चतुर्थी) लिहिली. पार्टनर हसला, म्हणाला त्यांना काय कळणार गणपती. मी म्हटलं मग कळू दे की. लिहिलं की आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा, या वर्षी (म्हणजे २०२४ला) ७ सप्टेंबरला येतो, माटोळीसाठी (गणपतीवर बांधायच्या सजावटीसाठी) रानातली फळं आणण्यापासून सगळं घरातल्या माणसांनीच करायचं असतं, गोंयकार मुंबईला असो की कुवेतला, चवथीला घरी येतो, आणि माझं परतीचं विमान त्याआधी दोन आठवडे आहे. तीनच ओळी, पण माझ्या अख्ख्या फाइलीत माझ्या अशा तेवढ्याच.

कव्हर लेटर एका पानाच्या वर नेऊ नको. कुठे भेटलो, कितीवेळा प्रत्यक्ष भेटलो ते तारखांसकट, आता कशासाठी जातेय (त्याच्या आईवडिलांना भेटायला, तेच लिही), कुठे राहणार, कोण काय भरणार, परत कधी आणि का. माझ्या पत्रात वर आणखी एक परिच्छेद, की आधी अर्ज नाकारलाय, ते सव्वातीन लाख बाबांच्या एफडीचे, ही एफडी मोडल्याची पावती, आणि हे बाबांना परत पाठवल्याची एंट्री. रिजेक्शननंतर परत अर्ज करायला थांबावं लागत नाही, पण अपील असं व्हिजिटरला जवळजवळ नसतंच, फी परत मिळत नाही, आणि पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ते रिजेक्शन सांगावं लागतं. म्हणून म्हणतेय पहिल्यांदाच नीट कर.

पार्टनरकडून काय घ्यायचं: त्याचं इन्व्हिटेशन लेटर, पासपोर्टचं फोटोचं पान, पगाराच्या तीनेक स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, घराचा भाडेकरार. आईवडिलांच्या घरी राहणार असाल तर त्यांची दोन ओळींची चिठ्ठी की आमच्याकडे राहील, जागा आहे. आणि त्याच्या पासपोर्टवरचे इंडियाचे शिक्के! नात्याचा याहून सरळ पुरावा नाही. तो तुला भेटायला इथे आलेला, दाबोळी नाहीतर मोपा विमानतळाचा शिक्का, तारखेसकट. त्या पानांच्या प्रती मागून घे.

फोटोंचा अल्बम नको. हे मला दुसऱ्या वेळेला कळलं, पहिल्यांदा ४० फोटो लावलेले, पाळोळेला सनसेट, मंगेशीच्या देवळासमोर, माझ्या मावसभावाच्या लग्नात त्याला फेटा बांधलेला. ब्रिटिश सरकारच्या साइटवर सोबत जोडायच्या कागदांचं मार्गदर्शन आहे, त्यात काय पाठवू नका याचीही यादी आहे आणि त्यात फोटो आहेत, हॉटेल बुकिंग आहे, विमानाचं बुकिंग आहे, ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे, शिक्षणाची सर्टिफिकेटं आहेत, स्पॉन्सरची लाइटबिलंसुद्धा. म्हणजे एजंट जे जे आणायला पळवतो त्यातलं निम्मं. तिकीट व्हिसा येईपर्यंत काढूच नको, तारखा फॉर्मवर लिहिल्या की पुरे.

आणि आपलं खास गोव्याचं लचांड. घर-जमीन दाखवलं तर बरं, पण ते आजोबांच्या नावावर आणि कागद पोर्तुगीजमध्ये. मी पहिल्यांदा बारा पानांचं जुनं दस्त तसंच अपलोड केलं होतं. इंग्लिश नसलेल्या कागदाला भाषांतर लागतंच, आणि त्यावर भाषांतर बरोबर असल्याचं लिहून भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क हे सगळं पाहिजे. त्यात आजोबांच्या कागदावर नाईकचं स्पेलिंग क्यू-यू-ईने संपणारं, माझ्या पासपोर्टवर साधं के. हा मनुष्य माझा आजोबाच आहे हे पटवायला आणखी तीन कागद! शेवटी मी ते दस्त काढूनच टाकलं आणि बाबांच्या नावाचा एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सातबारा) तेवढा लावला, बाबा आणि मी एकाच घरात राहतो एवढं लिहून. जमिनीपेक्षा नोकरीच्या पत्राचं वजन जास्त असं माझं मत झालंय.

फॉर्म ऑनलाइन भरायचा, स्वतः भर, सेव्ह करून आठवडाभर भरत बसता येतो. प्रवासाच्या तारखेच्या तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा, निकालाला साधारण तीन आठवडे धरायचे. फी मी पहिल्यांदा १०० पौंड भरली, दुसऱ्यांदा ११५, २०२५ च्या एप्रिलमध्ये १२७ केली, तू भरशील तेव्हाचा आकडा साइटवर बघ. वर प्रायॉरिटीचे ५०० पौंड घेतात ते फक्त लवकर बघायचे, हो म्हणायचे नव्हेत. दोन, पाच, दहा वर्षांचा व्हिसापण मिळतो पण पहिल्याच अर्जाला तो मागू नको.

तू शेवटी विचारलंस की तिथे गेल्यावर लग्न केलं तर? नाही. या व्हिसावर तिथे लग्न करता येत नाही, लग्नाची नोटीससुद्धा देता येत नाही, आणि तिथे बसून याचा स्पाउस व्हिसा करून घेता येत नाही. लग्नापुरतं जायचं तर त्याचा वेगळा मॅरेज व्हिजिटर व्हिसा आहे. आणि कायमचं राहायचं तर फियान्से नाहीतर स्पाउस, त्याला त्याचं उत्पन्न वर्षाला २९ हजार पौंड लागतं, २०२४ च्या एप्रिलपासून. ते आत्ता डोक्यात घेऊ नको.

बायोमेट्रिकची, म्हणजे बोटांचे ठसे द्यायची, गंमत सांगते. मला पाहिजे ती तारीख मुंबईची मिळाली म्हणून कोकणकन्येने गेले. मे महिना, आदल्या रविवारी आईबरोबर बसून बिबे (म्हणजे आमच्याकडे ओले काजू) सोललेले, संध्याकाळी तोणाक (रस्सा) करायचं म्हणून. ओल्या काजूचं तेल बोटांना लागलं की काय होतं तुला माहीतच आहे, चार दिवसांनी सगळ्या बोटांची सालं निघाली. मशीनवर बोटं ठेवली तर ठसाच येईना. ती मुलगी म्हणाली, मॅडम भाजलंय का? मी तिला काजू कसा सोलतात ते समजावतेय आणि मागे लाइन वाढतेय. ओल्या कपड्याने पुसून, दाबून, पाचव्या वेळेला उठले एकदाचे. नाहीतर परत तारीख, परत कोकणकन्या. तेव्हा आधी पंधरा दिवस बिबे नाहीत आणि बोटांच्या टोकांना मेंदीपण नाही, लग्न कुणाचंही असो. पासपोर्ट निकाल लागेपर्यंत त्यांच्याकडेच राहू शकतो हे धरून बाकीची कामं आखून ठेव.

माझा निकाल अठराव्या दिवशी आला. गॅटविकला उतरले तर काउंटरवरच्या माणसाने विचारलं कुणाकडे राहणार, म्हटलं बॉयफ्रेंडकडे. आमच्या घरी त्याला अजून 'तुझा तो' म्हणतात, हा शब्द मी दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने उच्चारला तो पहिल्यांदा त्या काउंटरवर, आणि त्याने वर मानपण केली नाही. मग काम काय करतेस, परत कधी, आणि इन्व्हिटेशन लेटर आहे का. लेटर होतं, पण मोठ्या बॅगेत, आणि बॅग तिकडे पट्ट्यावर फिरत होती. फोनवर दाखवलं तर चाललं, पण तू कागदांच्या प्रती हँडबॅगेतच ठेव.